जसेच्या तसे



या वेळचे मनन संगणकावरच्या एका अडचणीतून सुचले. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्या कामाशी संबंध येणार नाही, तरी थोडे सबुरीने वाचावे. अडचण नीट समजली तर तिच्यातून मिळालेला बोधही समजेल.

कामरेजला आमच्या मंडळीत यंदा मराठी प्रार्थनेची एक लहान पुस्तिका तयार होत आहे. तापी खानदेशातून वाहत सुरतेकडे येते आणि तिच्याच वाटेने आमची बरीच कुटुंबे इकडे आली. धुळे, नंदुरबार, जळगाव ही त्यांची मूळ गावे. कुणी सुरतेच्या कापड कारखान्यांत लागले, कुणी ऊसतोडीला आले आणि इथेच राहिले. या घरांतले आजी-आजोबा अहिराणी बोलतात, आईवडील मराठी बोलतात आणि मुले गुजराती माध्यमात शिकतात. मुलांना मराठी कळते. शाळेत हिंदीचा तास असतो म्हणून देवनागरीही वाचता येते, पण अडखळत. भराभर वाचतात ती गुजराती लिपी. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक प्रार्थना मराठीतच, पण एकदा देवनागरीत आणि एकदा गुजराती लिपीत छापायची असे ठरले. शेवटी 'घरच्या प्रार्थना' असा एक भाग ठेवला. घरातली वडीलधारी माणसे दिवा लावताना, जेवताना, झोपताना स्वतःच्या शब्दांत जे म्हणतात, ते त्यात यायचे आहे.

मांडणीचे काम आमच्या युवक गटातल्या एका मुलाने अंगावर घेतले. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला जाणार. त्याने पुस्तिकेसाठी लाटेक ही प्रणाली निवडली. आम्ही कला शाखेचे. त्यामुळे ही प्रणाली म्हणजे काय, ते त्याच्या शेजारी बसून समजून घ्यावे लागले.

नेहमीच्या टायपिंगमध्ये अक्षर ठळक करायचे तर बटण दाबतात आणि ते लगेच ठळक दिसते. लाटेकमध्ये मजकुराच्या मधोमध आज्ञा लिहायच्या असतात: हे शीर्षक आहे, हे ठळक कर, इथे तळटीप दे. प्रत्येक आज्ञेच्या आधी \ ही उलटी तिरकी रेघ येते. मग संगणक सगळी फाइल वाचतो, आज्ञा पाळतो आणि छापण्याजोगे पान तयार करून देतो. छापलेल्या पानावर आज्ञा दिसत नाहीत, त्यांचे फळ दिसते.

या प्रणालीच्या पायाशी टेक नावाचा प्रोग्राम आहे. तो डोनाल्ड कनूथ या अमेरिकन प्राध्यापकांनी लिहिला. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई मनासारखी होईना, म्हणून त्यांनी अक्षरजुळणीचे साधन स्वतःच तयार करायला घेतले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात त्यावर लाटेक उभारले. कनूथ हे लुथरन पंथाचे श्रद्धावंत ख्रिस्ती आहेत. पवित्र शास्त्राच्या एकेका पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन घेऊन त्यांनी त्यांवर एक सबंध पुस्तक लिहिले. त्यातली वचने हेरमान झाफ आणि जगभरच्या सुलेखनकारांनी रेखाटली. आपली देवनागरी आणि गुजराती अक्षरे नीट जुळवणारे झीटेक हे याच घराण्यातले. जोनाथन क्यू यांनी ते २००४ साली प्रसिद्ध केले, तेव्हा ते एसआयएल या संस्थेत होते. जगातल्या लहान लहान भाषांचा अभ्यास आणि त्यांत पवित्र शास्त्राचे भाषांतर, हे त्या संस्थेचे काम. ज्या भाषांना कुणी छापखानेवाला विचारत नाही, त्यांची अक्षरे नीट उमटावीत ही त्यामागची तळमळ. हे ऐकल्यावर त्या कोरड्या पडद्याकडे आम्ही जरा आपुलकीने पाहू लागलो.

आता अडचणीकडे येतो. हा मुलगा जूनमध्ये जाणार. त्यानंतर पुस्तिकेत एखादी प्रार्थना वाढवायची झाली तर कोण करणार? म्हणून त्याने मागे राहणाऱ्या तीन मुलामुलींसाठी एक मार्गदर्शिका लिहायला घेतली. 'शीर्षकासाठी ही आज्ञा लिहा, गुजराती लिपीसाठी ही लिहा' असे त्यात दाखवायचे होते. पण लाटेकमध्ये आज्ञा लिहिली की ती दिसत नाही, लगेच पाळली जाते! 'ठळक करण्याची आज्ञा अशी लिहावी' असे लिहिले की पुढचे शब्द ठळक होतात आणि आज्ञा गायब. टक्क्याच्या चिन्हाची गंमत तर आम्ही डोळ्यांनी पाहिली. 'खर्चाचे ५०% पैसे जमले' असे टाइप केले, तर छापून आले 'खर्चाचे ५०'. कारण लाटेकच्या दृष्टीने % म्हणजे 'या ओळीत यापुढचे वाचू नकोस'.

यावर उपाय आहे. त्याला व्हर्बेटिम म्हणतात, म्हणजे जसेच्या तसे. मजकुराभोवती व्हर्बेटिमची सुरुवात आणि शेवट लिहिला, की मधल्या प्रत्येक खुणेचा खास अर्थ तेवढ्यापुरता काढून घेतला जातो. टक्का म्हणजे नुसता टक्का, तिरकी रेघ म्हणजे नुसती तिरकी रेघ. ओळीच्या मध्येच एखादी आज्ञा दाखवायची तर व्हर्ब नावाची छोटी आज्ञा असते. तिच्यापुढे कोणतेही एक चिन्ह कुंपणासारखे लावायचे, मजकूर लिहायचा आणि तेच चिन्ह पुन्हा लावून कुंपण बंद करायचे.

ऐकायला सोपे. पण त्या मार्गदर्शिकेने आमच्या मुलांच्या चार संध्याकाळी घेतल्या. काय काय अडले, ते क्रमाने सांगतो. कुणी असे काम करत असेल तर उपयोगी पडेल.

पहिली अडचण सुटायला सोपी होती. व्हर्बचे कुंपण त्याच ओळीत बंद व्हावे लागते. फाइलमध्ये ओळ तुटली आणि बंद करणारे चिन्ह पुढच्या ओळीवर गेले, की संगणक तक्रार करतो: ओळ संपली, व्हर्ब अपुरे राहिले. दोन्ही चिन्हे एका ओळीत आणली की झाले.

दुसरी अशीच. मोठा मजकूर बंद करणारी व्हर्बेटिमची शेवटची आज्ञा अगदी ठरल्यासारखीच लिहावी लागते. तिच्या दोन शब्दांमध्ये एक मोकळी जागा पडली होती. तेवढ्याने संगणकाला शेवट सापडेना. फाइलचा उरलेला सगळा भाग तो 'जसाच्या तसा' गिळत गेला आणि शेवटी 'फाइल संपली तरी शोध चालूच आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबला. सगळे जसेच्या तसे घे, असे सांगितल्यावर थांबण्याची खूणही तितकीच चोख लागते.

तिसरी अडचण खोल होती. मार्गदर्शिकेत तळटिपा होत्या आणि त्यांत व्हर्ब वापरले होते. शीर्षकांतही वापरले होते. तिथे काही केल्या चालेना. संदेश येई की व्हर्ब दुसऱ्या आज्ञेच्या पोटात चालत नाही. मुलगी म्हणाली, "दादा, बाहेर चालतं तेच आत का चालत नाही?" त्याने जे उत्तर दिले, ते आम्ही वहीत लिहून ठेवले. तळटिपेची आज्ञा आपल्या पोटातला सगळा मजकूर आधी एका दमात वाचून घेते आणि वाचतानाच प्रत्येक चिन्हाचा अर्थ ठरवून टाकते. व्हर्ब म्हणते, 'थांब, याचा अर्थ लावू नकोस.' पण तिचा आवाज ऐकू येईपर्यंत अर्थ लावून झालेला असतो. सांगणे बरोबर असते, पण उशिरा आलेले असते.

यावर वाटा आहेत. फॅन्सीव्हर्ब नावाच्या पॅकेजमध्ये तळटिपेत व्हर्ब चालवण्याची सोय आहे. शीर्षकांसाठी सीप्रोटेक्ट नावाचे पॅकेज आहे. नाहीतर सरळ तिरक्या रेघेसाठी वेगळी आज्ञा देऊन साध्या टंकलेखनी अक्षरांत ते शब्द लिहायचे. आमच्या मुलांनी शहाणपणाचा मार्ग घेतला: शीर्षकांतून आज्ञा काढून टाकल्या आणि तळटिपांतला मजकूर मुख्य परिच्छेदात आणला.

मार्गदर्शिका पडद्यावर दाखवण्यासाठी बीमर वापरून चित्रपाट्याही केल्या होत्या. तिथेही हाच पेच. ज्या पाटीवर जसाच्या तसा मजकूर असेल, त्या पाटीच्या सुरुवातीलाच फ्रॅजाइल असे लिहावे लागते. फ्रॅजाइल म्हणजे नाजूक. काचेच्या सामानाच्या खोक्यावर लिहितात तसे. हा शब्द आमच्या मनात घर करून राहिला.

चौथी अडचण सगळ्यांत घातक, कारण तिने तक्रारच केली नाही. उदाहरणे दाखवताना व्हर्बेटिमच्या आत मराठी शब्द होते. संगणकाने काम पुरे केले, लाल अक्षरांत काही आले नाही, पान तयार झाले. पाहिले तर मराठी शब्दांच्या जागा कोऱ्या! व्हर्बेटिमसाठी संगणक आपणहून टंकलेखनी इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट घेतो आणि त्यात देवनागरी नसते. कोणते अक्षर सापडले नाही याची नोंद तो लॉग नावाच्या फाइलमध्ये निमूटपणे करतो. ती फाइल उघडून बघेल त्यालाच कळणार. मग मुलांनी त्या भागासाठी आयआयटी मुंबईचा शोभिका हा मोफत फॉन्ट लावला. आता अक्षरे आली, पण मोडकी. 'ख्रिस्त' या नावातला जोड सुटला, पाय मोडलेला ख वेगळा, र वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली. कारण फॉन्टचे नाव सांगितले होते, लिपी देवनागरी आहे हे सांगितले नव्हते. तो एक शब्द वाढवला, आणि प्रभूचे नाव सरळ उभे राहिले.

इथवर संगणक. आता ज्या कारणाने हे लिहायला घेतले, ते सांगतो.

'घरच्या प्रार्थना' या भागात साक्री तालुक्यातून आलेल्या एका आजींची प्रार्थना आहे. त्या आता अंथरुणाला खिळून आहेत आणि फारसे बोलत नाहीत. त्यांच्या नातीने दोन वर्षांपूर्वी ती प्रार्थना फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. प्रार्थना म्हणजे चार वाक्ये. पहिले असे: "देवबापा, तू मनाजोडे शेस, मंग माले कसानं भ्याव?" म्हणजे, देवबापा, तू माझ्याजवळ आहेस, मग मला कशाची भीती?

पुस्तिकेचा मजकूर तपासायला मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांकडे दिला होता. तो परत आला तेव्हा आजींच्या प्रार्थनेच्या जागी चार शुद्ध मराठी वाक्ये होती. सुंदर होती. त्यांत 'कृपासागर' होता, 'सान्निध्य' होते. अर्थही चुकलेला नव्हता. नात वाचून गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मास्तर, हे छान आहे. पण ही आजी नाही."

बैठकीत यावर बोलणे झाले. काकांची बाजू हलकी नव्हती. ते म्हणाले, "आमच्या बोलीवरून आम्हाला लोक हसले. शाळेत हसले, कारखान्यात हसले. आता देवळात वाचायच्या पुस्तकात तीच बोली छापायची आणि पोरांनाही हसू करायचं? देवापुढे जाताना माणूस धुतलेले कपडे घालतो. भाषाही धुतलेलीच पाहिजे." त्यांच्या बोलण्यात कळकळ होती. पदरचे दुःख होते. कुणी लगेच उत्तर दिले नाही.

मग मांडणी करणारा मुलगा म्हणाला, "काका, या चार ओळी व्हर्बेटिममध्ये टाकू या?" सगळे हसले आणि वातावरण सैल झाले. पण त्याचा मुद्दा खरा होता. काही शब्द असे असतात की त्यांच्यावर आपली कुठलीही आज्ञा चालवायची नसते.

आम्ही त्या बैठकीत मार्कच्या शुभवर्तमानाची आठवण केली. मार्कने ते ग्रीक भाषेत लिहिले. पण पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीचा हात धरून प्रभू जे बोलला, ते मार्क ग्रीकमध्ये बदलून टाकत नाही. गालीलातल्या घराघरांत बोलली जाणारी अरामी भाषा तो तशीच ठेवतो: तलीथा कूम. सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाला प्रभू म्हणाला, इफ्फाथा. चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बागेत पित्याला हाक मारली, अब्बा. तीनही ठिकाणी मार्क आधी मूळ शब्द देतो आणि मग त्याचा अर्थ. अर्थ शेजारी उभा राहतो, शब्दाच्या जागेवर बसत नाही. आज दोन हजार वर्षांनी कामरेजमधले मूलही तो शब्द प्रभूच्या तोंडून निघाला तसा उच्चारू शकते. ती काही राजदरबाराची भाषा नव्हती. आजारी मुलीच्या खाटेशेजारी कुठलाही गालीलकर बाप बोलला असता, तीच ती भाषा. देवाच्या पुत्राला ती धुऊन घ्यावीशी वाटली नाही.

यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक बारूखही आठवला. छत्तिसाव्या अध्यायात अधिकारी त्याला विचारतात की हे सगळे तू कसे लिहिलेस. तो एवढेच सांगतो की संदेष्टा तोंडाने सांगत गेला आणि मी शाईने लिहीत गेलो. पुढे यहोयाकीम राजाने ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले. दुसऱ्याचे शब्द जपण्यासाठी हा माणूस दोनदा बसला, आणि त्याने स्वतःचे नाव मोठे केले नाही.

आपल्या भाषेला छापील अक्षरे मिळायलाही किती काळ लागला, ते पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापले गेले, पण रोमन लिपीत. इथे आमच्या सुरतेत भीमजी पारेख या व्यापाऱ्याने १६७०च्या दशकात इंग्लंडहून छपाई जाणणारा माणूस मागवला. आपल्या लिपीत छापावे ही त्याची इच्छा. माणूस आला, पण आपल्या अक्षरांचे खिळे पाडणे त्याला साधले नाही. पुढे विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरला मराठी मत्तय १८०५ साली छापला. १८२०च्या दशकात सुरतेतल्या मिशनच्या छापखान्यातून गुजराती पवित्र शास्त्र बाहेर पडले. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या शास्त्राचे भाषांतर केले. त्याची अक्षरजुळणी करणाऱ्या त्यांच्याच आश्रमातल्या स्त्रिया होत्या. फारसे न शिकलेल्या बाईलाही वाचता यावे, अशी मराठी रमाबाईंना हवी होती. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, पण तोवर हातातले काम त्यांनी सोडले नव्हते. एवढ्यांनी खिळा खिळा जुळवून जे साध्य केले, ते आज आपल्या खिशातल्या फोनवर फुकट मिळते. अक्षरांची वाण आता राहिली नाही. म्हणून आजीचे शब्द पुसले गेले तर ते केवळ आपल्या हातून पुसले जातील.

आणि तेही त्या चौथ्या अडचणीसारखे, आवाज न करता. पान छान दिसेल, छापखाना तक्रार करणार नाही, फक्त एका आजीच्या जागी कोरी जागा असेल. असे शब्द गेल्याची नोंद कुठल्यातरी नातीच्या मनातच होते. ती उघडून कोण पाहणार?

घरभेटीला जाणाऱ्या आम्हा धर्मशिक्षकांना तिसरी अडचणही पुष्कळ शिकवून गेली. आजारी माणूस आपले दुःख सांगू लागतो. त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ तयार असतो: ही परीक्षा आहे, ही शिक्षा आहे, अमुक वचन यांना सांगावे. मग तो माणूस 'माझं तसं म्हणणं नाही हो' असे म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे उशिरा आलेले असते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर त्यांची सेवा निर्मळ होती. अर्थ लावायला तोंड उघडले आणि सगळे बिघडले. म्हणून सांगावेसे वाटते की कुणाच्या दुःखाजवळ जाताना उंबरठ्याबाहेरच मनाला सांगून ठेवावे: पुढे नाजूक मजकूर आहे. आत गेल्यावर सांगून उपयोग होत नाही.

पण प्रिय जनहो, या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगता थांबलो तर मनन अर्धे राहील.

व्हर्बेटिमच्या चौकटीत आज्ञा अगदी शुद्ध दिसते. एकही अक्षर चुकत नाही. पण ती तिथे चालत नाही. 'ठळक कर' असे शब्द दिसतात, ठळक मात्र काहीच होत नाही. मार्गदर्शिकेत ते योग्यच आहे, कारण तिथे आज्ञा दाखवायची असते. पण ख्रिस्ती घराची भिंत ही मार्गदर्शिका नव्हे. प्रीती करा, क्षमा करा, उपाशी माणसाला खाऊ घाला, या प्रभूच्या आज्ञा आपल्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेल्या असतात. दरवर्षी नव्या कॅलेंडरवर येतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले त्या घडाघडा म्हणतात, काना-मात्रेचीही चूक नाही. आणि त्याच घरात दोन भाऊ सहा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात वचन नुसते ऐकणाऱ्याची आरशात पाहून लगेच स्वतःचा चेहरा विसरणाऱ्या माणसाशी तुलना केली आहे, ती उगीच नाही.

शब्द दोन प्रकारचे आहेत. शेजाऱ्याचे शब्द जपायचे असतात. त्यांवर आपली दुरुस्ती चालवायची नसते. प्रभूचे शब्द पाळायचे असतात. त्यांना चौकटीत ठेवून भागत नाही. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट होते. शेजाऱ्याच्या बोलण्यात आपण आपले अर्थ भरतो, ते सुधारतो, कापतो. आणि प्रभूच्या आज्ञेला मात्र हात न लावता ती तशीच भिंतीवर ठेवतो. संत पौलाने करिंथकरांना सांगितले की त्याला प्रभूकडून जे मिळाले तेच त्याने त्यांच्या हाती सोपवले. ते सोपवणे म्हणजे प्रभुभोजन. त्यात दोन्ही आले. शब्द जसेच्या तसे म्हणायचे, आणि भाकर मोडायची. मोडलीच पाहिजे. नुसते शब्द म्हणून कुणाचे पोट भरत नाही.

बैठकीत शेवटी काकांनीच तोड काढली. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बरं, तिची वाक्यं तशीच राहू द्या. पण अर्थ खाली नीट छापा. पोरांना वाटायला नको की आजीला बोलता येत नव्हतं." मग ठरले ते असे: वर आजींचे शब्द देवनागरीत, त्याखाली तेच शब्द गुजराती लिपीत, आणि सर्वांत खाली काकांनी लिहिलेली मराठी वाक्ये, 'अर्थ' म्हणून. काकांची वाक्ये वाया गेली नाहीत. त्यांना त्यांची योग्य जागा मिळाली. मार्कनेही तसेच केले होते. नातीने ध्वनिमुद्रण चार वेळा लावून शब्द न् शब्द ताडून पाहिला. 'शेस' मधला स राहून गेला होता, तो भरला.

कच्ची प्रत निघाली तेव्हा ती आजींच्या घरी नेली. त्यांच्या सात वर्षांच्या पणतवाने गुजराती लिपीतून बोट ठेवत वाचले. बोली त्याची नाही, तरी अक्षरे ओळखीची होती, म्हणून शब्द बरोबर उमटले. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्या वाक्याला तो थांबला, तेव्हा पुढचे दोन शब्द त्यांनी स्वतः म्हटले.

मार्गदर्शिकाही आता पुरी झाली आहे. तो मुलगा पुण्याला जाईल. मागे राहणाऱ्या तिघांनी त्याची मदत न घेता एक पान जुळवून दाखवले आहे. त्यांच्यासाठी आणि त्याच्यासाठी आपण प्रार्थना करावी.

या आठवड्यात दोन गोष्टी करून पाहाव्यात अशी नम्र विनंती आहे. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांची प्रार्थना विचारावी आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावी, एक अक्षरही न बदलता. आणि आपल्या भिंतीवर जे वचन चौकटीत आहे, त्यातली एक आज्ञा चौकटीतून काढून प्रत्यक्ष पाळावी. फोन उचलावा, उंबरठा ओलांडावा, जो हिशेब मनात धरला आहे तो सोडून द्यावा.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू गालीलाच्या घरगुती बोलीत बोललास आणि तुझ्या शिष्यांनी ते शब्द आमच्यापर्यंत तसेच पोचवले. आमच्या घरांतल्या थकल्या जिभांवर तुझे जे स्तवन आहे, ते ऐकायला आम्हाला सबुरी दे. दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्याआधी त्याचा अर्थ लावण्याच्या घाईपासून आम्हाला राख. आणि तुझ्या आज्ञा आमच्या भिंतींवर नुसत्या शोभून दिसू नयेत. त्या आमच्या हातापायांत उतरू देत. आमेन.